चष्म्याची एक काडी

चूक सूत्रसंचालकाची होती, आणि सूत्रसंचालक म्हणजे हे लिहिणाराच. वडीगोद्रीत माईक हातात आला की माणसाचं काय होतं, ते ज्याचं झालंय त्यालाच ठाऊक. राजानंद मगरे श्रीलंकेला निघाला होता, वस्तीनं निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, आणि अंबडच्या कॉलेजात वक्तृत्वाचं उत्तेजनार्थ बक्षीस घेतलेला एक तरुण गळ्याच्या शिरा ताणून सांगत होता, "आपला माणूस, आपल्या वडीगोद्रीचा पेंटर, लंकेत जाऊन बुद्धाचे डोळे उघडणार! टाळ्या!"

टाळ्या पडल्या. ज्याच्यासाठी पडल्या तो स्टेजवर नव्हताच. समोर चौकात बाबासाहेबांच्या अर्धपुतळ्यापाशी स्टुलावर उभा राहून तो चष्म्याला काळा रंग देत होता. जयंती तोंडावर आलेली आणि त्या पुतळ्याला दुसऱ्या कुणाचा ब्रश लागू द्यायची त्याची तयारी नव्हती. उजव्या कानावरची काडी झाली होती. डावीकडची बाकी होती. "डोळ्याचं कुणी म्हणलं?" असं तो तिथूनच म्हणालाही, पण दुसरा ब्रश दातांत आडवा धरलेला, त्यामुळे ते त्याच्यापुरतंच राहिलं. तिकडच्या एका भंतेजींनी त्याला रंगकामाला बोलावलं होतं. मूर्तीचं काम चाललंय, हात कमी पडतात, ये, एवढंच. डोळे माईकवाल्यानं पदरचे घातले होते.

"राजानंददादांनी कृपया स्टेजवर यावं. बस यायची वेळ झाली. दादा, जल्दी!"

तीनदा पुकारा झाल्यावर तो उतरला. बस आली चांगल्या दीड तासानं. पण तोवर हार झाले, शाल झाली, सगळ्यांचे फोटो झाले, डब्याचं झाकण बसलं आणि ब्रश धुऊन झाले. पुतळ्याच्या डाव्या कानावर चष्म्याची काडी पांढरीच राहिली.

"काडी राह्यली," तातेराव म्हणाले. हे राजानंदचे वडील. मुलगा परदेशी चाललाय याचं त्यांना कौतुक होतं की राग, हे त्यांच्या तोंडावरून कळायला मार्ग नव्हता. ते फक्त काडीकडे बघत होते.

"येऊन करतो, आबा. उधार समजा."

"उधारी करून देश सोडतो व्हय?"

बसमध्ये चढताना राजानंद हसला. खिडकीशी बसल्यावर मात्र त्याच्या डोक्यात ते माईकवरचं वाक्य पुन्हा वाजलं, आणि खरं सांगायचं तर या वेळी ते त्याला वाईट वाटलं नाही.

*

राजानंदला काम करताना ज्यांनी बघितलंय त्यांना त्याची एक खोड माहीत आहे. तो डोळे आधी काढतो. पुतळ्याला पांढरा हात देऊन झाला की कोट नाही, टाय नाही, थेट डोळे. बाकीचे पेंटर हसायचे. "अरे, बाबांच्या अंगावर कपडा तरी येऊ दे!" पण त्याचं म्हणणं सरळ होतं. "बाबा बघून राह्यले म्हणल्यावर हात चोरता येत न्हाई." पांढऱ्याफटक चेहऱ्यातून दोन काळे डोळे दिवसभर त्याच्याकडे बघत आणि त्यांच्या धाकात तो कोटाची गुंडी न गुंडी रंगवी. चष्मा शेवटी. मार्च लागला की अंबड आणि घनसावंगीकडच्या खेड्यांतून त्याला बोलावणी यायची, आणि जाणती माणसं पुतळा लांबून बघून सांगायची, डोळा राजानंदचा आहे.

पण दीड महिन्याच्या बोलावण्यांवर वर्ष निघत नाही. दुकानांचे बोर्ड फ्लेक्सनं गिळले. ट्रॉलीच्या फळीवरचे मोर रेडियमच्या स्टिकरांनी उडवून लावले. ज्यांच्या हार्डवेअरच्या दुकानातून तो रंग न्यायचा त्या बजरंगलाल शेठनीही एक दिवस त्याच्या हातचा बोर्ड उतरवून फ्लेक्स चढवला. राजानंदनं उतरवलेला बोर्ड तेवढा मागून घेतला आणि घरी न्हाणीला आडोसा म्हणून ठोकला. मगऱ्यांच्या घरची आंघोळ तेव्हापासून ठळक पिवळ्या अक्षरांतल्या 'बजरंग हार्डवेअर'च्या मागे होते.

अंबडच्या धम्म परिषदेला आलेल्या श्रीलंकेच्या भंतेजींनी एका पुतळ्याचे डोळे बघून पेंटर कोण म्हणून विचारलं, तेव्हा तो चाळिशीला टेकला होता. भंतेजी नागपुराकडे काही वर्षं राहिलेले. हिंदी फर्डी, मराठी कामापुरती. राजानंदनं घरी येऊन सांगितलं तेव्हा संध्या, म्हणजे त्याची बायको, शिलाई मशीनवर होती. तिनं पाय थांबवला नाही.

"जायचं तर जावा. पण मला आन् पोरीला, प्रीतीला नेणार असाल तर जावा. नुस्ते पैसे धाडायचे असले तर पुण्यात भिंती कमी पडल्या का?"

"नेतो ना. एकदा पाय टेकला की नेतो."

"मंग टेकवा."

स्प्रेचा कॉम्प्रेसर आष्टीच्या एका पेंटरनं विकत नेला. मोटरसायकल गेली. परत यायचं ठरलं तर कशानं काम करायचं, हा प्रश्न त्यानं विक्रीबरोबरच निकालात काढला. शेवटचा रंग घ्यायला दुकानात गेला तर बजरंगलाल गादीवरूनच म्हणाले, "राजा, लंकेला जायचं काम आमच्या नावाचं. तू कुठं निघाला?"

"शेठ, तुम्ही जाळून आले. आता रंगवायला कुणी पाहिजे का नको?"

शेठ इतके हसले की काळ्या रंगाची एक छोटी डबी त्यांनी तशीच काढून दिली. चष्म्यासाठी.

*

विहार कुरुनेगलच्या पुढे, नारळाच्या बागांत होता. मूर्ती सिमेंटची, ध्यानात बसलेली, दोन पुरुष उंच. तिच्याभोवती बांबूची परांची आणि परांचीवर गुणपाल. साठी उलटलेला, कमरेला सारोंग गुंडाळलेला, काटकुळा म्हातारा. मुख्य कारागीर तो. राजानंदनं हात जोडले तर त्यानंही जोडले आणि पुन्हा कामाला लागला. भंतेजींना कोलंबोला जायचं होतं. जाताना ते एवढंच म्हणाले, "दोन दिवस नुसतं बघ."

बघायला राजानंद काय पाहुणा होता? दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. पौर्णिमेला तिकडे कामाला सुट्टी, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी तो आला तर परांची रिकामी, आणि पांढऱ्या प्रायमरमधला तो भलाथोरला कोरा चेहरा. रंग तिथेच, ब्रश तिथेच. कानात वडीगोद्रीच्या टाळ्या. त्याला वाटलं, आपण काय आहोत हे या लोकांना शब्दांनी सांगता येणार नाही. मग जे येतं ते करून दाखवू.

त्यानं डोळे काढले. त्याच्या पद्धतीचे, उघडे, थेट बघणारे. खाली उतरून मान वर केली तेव्हा त्याच्याच अंगावर काटा आला. आयुष्यात इतके चांगले डोळे त्याच्या हातून उतरले नव्हते. त्यानं संध्याला व्हिडिओ कॉल लावला.

"बघ."

"अगं बाई! हे तर बोलतेत आता," संध्या म्हणाली.

तेवढ्यात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बाया फुलांची ताटं घेऊन आत आल्या. पहिलीनं वर बघितलं. ती ओरडली नाही. तिनं मान खाली घातली, ताट छातीशी धरलं आणि तशीच मागे मागे सरकत दाराबाहेर गेली. मग दुसरी, मग बाकीच्या. पायऱ्यांवर थोडी फुलं सांडली तेवढीच. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवी कुठल्याही भाषेतली कळते.

भंतेजी संध्याकाळी परतले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे राजानंदला आणखी कसंतरी झालं.

"आमच्याकडे डोळे सगळ्यात शेवटी. तोवर मूर्ती म्हणजे नुसतं सिमेंट. मुहूर्त बघून एकच माणूस काढतो. मूर्तीकडे पाठ करून, आरशात बघून. पहिली नजर माणसाला झेपत नाही, अशी लोकांची समजूत आहे. तू तर समोर उभा राहून काढलेस."

"तो एकच माणूस कोण?"

"गुणपाल. त्याआधी त्याचे वडील. त्याआधी त्यांचे."

दुसऱ्या दिवशी गुणपालनं त्याच्या हातात पॉलिश पेपरचा तुकडा ठेवला. दुसरं काही सांगायची गरज नव्हती. उजवा डोळा लवकर निघाला. डावा निघेना. राजानंद घासत राहिला आणि बुद्धाच्या डोळ्याची पांढरी-काळी पूड त्याच्या मिशीवर, पापण्यांवर बसत गेली. परांचीखालची दोन पोरं त्याच्याकडे बघून हसली नाहीत, हे त्याच्या चांगलंच लक्षात राहिलं.

*

मूर्ती पूर्ण होईपर्यंत तो राहू शकत होता. त्यानंतर गुणपाल पुढच्या कामाला ज्याला बरोबर नेईल त्याचेच व्हिसाचे कागद विहार पुढे वाढवून देणार, असं भंतेजींनी आधीच सांगितलेलं. म्हणजे आता पाय टेकणं न टेकणं एका माणसावर होतं, आणि तो माणूस त्याच्याशी बोलत नव्हता. भाषा येत नव्हती म्हणावं तर भंतेजींच्या मार्फतही बोलत नव्हता.

राजानंद मूर्तीच्या अंगावरच्या चीवराच्या घड्या रंगवायचा. तीन वेळा भात, खोबऱ्याची लाल चटणी. घरून आणलेलं ज्वारीचं पीठ दमट हवेत किडलं, ते त्यानं कोंबड्यांना टाकलं. वडीगोद्रीच्या ग्रुपवर रोज कुणी ना कुणी विचारी, "दादा, डोळे झाले का?" तो अंगठा पाठवी. अंगठ्याचा अर्थ ज्यानं त्यानं आपापला लावावा.

वडिलांना मात्र त्यानं सांगितलं.

"आबा, हितं बी बापाचं काम पोरालाच."

तातेरावांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध झाल्यावर गावकीनं लादलेली कामं टाकली होती, आणि त्यापायी गावानं विहिरीवर काय काय ऐकवलं होतं ते त्यांनी लहानपणी कानांनी ऐकलेलं.

"मंग बापाचं काम आपल्यालाच सोडायला लावलं व्हय?" ते म्हणाले आणि खोकल्यासारखं हसले. "आन् आरशात बघून डोळे? असलं सोडूनच आलो ना आपण?"

"आलो. पण मी त्यांच्या घरात हाय, आबा."

"मंग त्यांच्या घरात काय करून राह्यला?"

"चीवर रंगवून राह्यलो."

"रंगव. नीट रंगव. काडी राह्यलेली हाय हितं, ध्यानात ठेव."

संध्याला सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिनं ते डोळे बघितले होते. व्हिडिओ कॉलवर तो मोबाईल बागेकडे फिरवायचा.

"रोज नारळच दाखवता," ती एकदा म्हणाली.

"इथं नारळच लई हाय."

"डोळे पुसायला लावले ना?"

मशीन चालल्याचा आवाज आला, मग थांबला.

"आन् आमचं यायचं?"

"गुणपाल बोलंल तवा."

"न्हाई बोलला तर?"

यावरही त्यानं तिला एक नारळाचं झाड दाखवलं.

*

आणि हात चुकायला लागला. आंधळ्या मूर्तीपुढे काम करायची त्याला सवयच नव्हती. घडी वाकडी जायची, रंग एकीकडे जाड बसायचा. गुणपाल येई, फडक्यानं तेवढा भाग पुसून टाकी आणि निघून जाई. वडीगोद्रीचा सगळ्यात सफाईदार हात लंकेत शिकाऊ पोराचा झाला होता. रात्र रात्र विचार करून उपयोग नव्हता. कुणी बघत नव्हतं, हीच अडचण होती.

शेवटी त्यानं रिकाम्या डब्याचं झाकण घेतलं, त्यावर दोन डोळे काढले, टिचभर, आणि ते परांचीच्या बांबूला टेकवून आपल्याकडे तोंड करून ठेवलं. तेवढ्यानं भागलं. घड्या सरळ पडायला लागल्या. गुणपालचं फडकं येईनासं झालं.

काही आठवड्यांनी झाकण जागेवर नव्हतं. वाऱ्यानं पडलं असेल म्हणून त्यानं खाली शोधलं. वर चढून पलीकडच्या बाजूला गेला तर गुणपाल मूर्तीचा कान रंगवत बसलेला, आणि ते दोन डोळे त्याच्यासमोर बांबूला टेकलेले. गुणपालनं मान वळवली. रागावलेला नव्हता. चोरी पकडल्यावर होतो तसा ओशाळा. राजानंद मुकाट्यानं आपल्या बाजूला आला आणि आणखी एक झाकण शोधायला लागला.

माघ सरता सरता मूर्ती डोळ्यांपुरती राहिली. भंतेजींनी त्याला बोलावलं.

"आरसा पोरगा धरतो, अशी रीत आहे. गुणपालनं त्याच्या वडिलांसाठी धरला होता. त्याचा पोरगा कोरियात आहे, कारखान्यात. तो येत नाही म्हणतो. गुणपाल विचारतोय, तू धरशील का?"

"आरसा धरायला जालन्याहून माणूस आणतेत का?" राजानंद मराठीत पुटपुटला.

"मराठी मला कामापुरती कळते," भंतेजी म्हणाले.

टाळ्या कशाच्या पडल्या होत्या आणि हातात काय आलं होतं? मग राजानंदला ते झाकण आठवलं.

"धरतो," तो म्हणाला.

"डोळे मिटून धरायचा. धरणाऱ्याचं तोंड मूर्तीकडे असतं, म्हणून. काही झालं तरी उघडायचे नाहीत."

*

उजाडायच्या वेळेला दोघंच आत. बाहेर पठण चाललेलं. परांचीच्या वरच्या फळीवर गुणपाल मूर्तीकडे पाठ करून उभा राहिला, खांद्यावरून ब्रश मागे नेला. राजानंदनं त्याच्यापुढे आरसा धरला आणि डोळे मिटले. त्याला ऐकू येत होतं ते सगळं ओळखीचं होतं. ब्रश डबीच्या कडेला निथळला. केसांची टोकं सिमेंटवर टेकली, ओढली गेली. एक डोळा झाला.

दुसऱ्या डोळ्याच्या वेळी गुणपालचा श्वास अडकत अडकत यायला लागला. म्हातारा पडतोय की काय, असं वाटून राजानंदनं क्षणभर डोळे उघडले. मूर्तीकडे बघितलंच नाही. गुणपालचा चेहरा वीतभर अंतरावर होता. जिभेचं टोक दातांत धरलेलं, पहिलीतलं पोर पाटीवर काढतं तसं. आणि डोळ्यांत भीती. एवढी वर्षं हे काम केलेल्या माणसाच्या डोळ्यांत. राजानंदनं झटकन डोळे मिटले. पण तेवढ्यात आरसा धरलेलं मनगट हललं होतं.

काम झालं. गुणपालनं स्वतःच्या डोळ्यांवर पांढरा कपडा बांधून घेतला आणि हात पुढे केला. राजानंदनं त्याला फळीफळीनं खाली उतरवलं, दाराबाहेर नेलं. बाहेर पाण्यानं भरलेला मातीचा घडा ठेवला होता. कपडा सोडल्यावर पहिली नजर त्यावर पडली आणि गुणपालनं काठीनं तो फोडला. पाणी दोघांच्या पायांवर आलं.

मग माणसं आत गेली. राजानंद सगळ्यांच्या मागून गेला. त्यानं वर बघितलं. डोळे अर्धे मिटलेले, शांत, त्यानं काढले असते त्यापेक्षा फार वेगळे. पण डाव्या डोळ्याची बाहुली केसभर खाली होती. कुणाच्या ध्यानात येणार नाही एवढी. शंभर वर्षं तशीच राहणार एवढी.

शेजारी गुणपाल येऊन उभा राहिला होता. तोही डावीकडेच बघत होता. त्यानं राजानंदचं मनगट दोन बोटांनी धरलं आणि जरासं वर उचललं. असं. मग सोडलं.

*

संध्याकाळी वस्तीतल्या सगळ्यांना कॉल जोडायचा होता. चौकात पुतळ्यापाशी माणसं जमली होती. संध्याच्या हातात मोबाईल, शेजारी तातेराव, मागे बजरंगलाल शेठसुद्धा आलेले. माईकवाला तरुणही होता, पण माईकविना.

"दाखव, दाखव!"

त्यानं मोबाईल मूर्तीकडे धरला. वडीगोद्रीत टाळ्या सुरू झाल्या.

"थांबा," तो म्हणाला. "डोळे गुणपालनं काढले. मी आरसा धरला."

टाळ्या थांबल्या.

"नेटवर्क गेलं का?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई गेलं. आरसा धरला म्हणतो मी. आन् धीरानं धरता बी आला न्हाई."

तातेरावांनी मोबाईल संध्याच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब नेला.

"डावा डोळा जरा खाली हाय का रे?"

"हाय, आबा. माझा हात हालला."

"मंग पुढच्या बारीला नीट धर," तातेराव म्हणाले आणि मोबाईल परत दिला. माणसं पांगली. माईकवाल्यानं पुतळ्याच्या मागच्या बाजूची वाट धरली.

संध्या एकटी राहिल्यावर म्हणाली, "गुणपाल काय बोलला?"

"पुढचं काम समुद्राकडं हाय. चल म्हणला. कागद वाढतील."

"आन् आम्ही?"

"कारागीर म्हणून न्हाई नेऊन राह्यला. आरशावाला म्हणून. एकाच माणसाची खोली हाय, संध्या. वर्सभर असंच. मंग बघू म्हणतेत."

या वेळी त्यानं नारळाचं झाड दाखवलं नाही.

"खोली किती मोठी हाय ते मोजून सांगा," संध्या म्हणाली आणि कॉल बंद केला.

त्यानं खोली अजून मोजलेली नाही. मोजली की सांगावं लागेल.

एप्रिल आला तेव्हा मंडळानं पुतळ्यासाठी अंबडहून दुसरा पेंटर आणला. तातेराव सकाळपासून स्टूल धरून बसले. कोट झाला, टाय झाला, चष्म्याची चौकट झाली, उजवी काडीही नव्यानं झाली. पेंटर डाव्या कानाकडे वळला तसे तातेराव उठले.

"ती सोड. ती उधार हाय एकाकडं."

"आजोबा, कसं दिसंल ते?"

"बाबांना दिसून राह्यलंय. तेवढं बास हाय."

रात्री फोनवर ते नेहमीचं वाक्य बोलले, काडी राह्यली बरं का, आणि समुद्राकडून राजानंद नेहमीसारखा "व्हय, आबा" म्हणाला. बजरंगलालनी दिलेली काळ्या रंगाची डबी न्हाणीच्या बोर्डामागे, फळीवर ठेवलेली आहे. झाकण घट्ट बसवलंय. तरी आतला रंग वाळत चालला असेल.